नवारीचा पट्टा

मी उलटी लटकले होते आणि कमल बोलत नव्हती.

डोकं खाली, पाय वर, पट्टा खांद्यात आणि पोटात रुतलेला. नाकात जळक्या पिठासारखा वास. खिडक्यांच्या बाजूने पांढऱ्या पिशव्या फुगून लोंबत होत्या. पुढच्या सीटवरून माझा मुलगा सुधाकर "आई, आई" म्हणत होता, म्हणजे तो शाबूत होता. माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण कमल. तिचा हात गाडीच्या छतावर पडला होता. छत आता जमिनीला टेकलं होतं. मुठीत प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा तसाच होता.

"कमले," मी म्हटलं, "बोल व."

ती बोलली नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूरला निघालो होतो, ही गाडी आणायला. सुधाकर सरकारी नोकरीत आहे. पांढुर्णा जिल्हा झाला तसं त्याचं ऑफिस घराजवळ आलं आणि खरं तर गाडीची गरज संपली. पण त्याला हीच गाडी पाहिजे होती, जुनी का होईना. थंड देशातल्या एका कंपनीची. नाव मी लिहीत नाही, मला ते नीट म्हणता येत नाही. सुधाकरच्या बाबांनाही येत नव्हतं.

कमल माझ्याच घरी राहते. मी मंडईत संत्री निवडायला जायची तेव्हा सुधाकरला तिने सांभाळलं. आम्ही दोघी चाळीस वर्षं एका चुलीवर आहोत आणि रोज भांडतो. गाडी आणायला तिला न्यायचं नव्हतं. ती आधीच नवं लुगडं नेसून दारात उभी.

नरखेड, काटोल गेलं. दोन्हीकडे कापूस फुटला होता, बाया ओटी बांधून वेचत होत्या. संत्र्याच्या झाडांना बांबूचे टेकू दिले होते, एवढा माल. कमलने डब्यातली भाकर आणि वांग्याचं भरीत काढलं. समोरच्या बाईने विचारलं, "कुठं जाऊन राहिल्या?"

"गाडी आणाले," कमल म्हणाली. "परदेशी."

"मंग रेल्वेनं काहून (का) चालल्या?"

"येताना गाडीनं येऊ न माय! जाताना कुठून आणू?"

नागपूरला गाडीचे मालक म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून विकत होते. करडी, बुटकी, जड गाडी. मी दार उघडून लावून पाहिलं. गोदामाचं दार लागावं तसा आवाज आला.

"काय खराब आहे हिच्यात?" मी विचारलं. सुधाकरने मला कोपराने ढोसलं.

डॉक्टर हसले. "पेट्रोल फार पिते. लहानसहान वस्तू बिघडली तरी महिना वाट पाहायची. गतिरोधकावर पोट घासतं. अजून सांगू?"

"मग एवढी वर्षं ठेवली कशाला?"

ते टपावर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी कंपनीची हकीकत सांगितली. त्या देशात बर्फ पडतो, रस्ते निसरडे, आणि म्हशीपेक्षा उंच सांबरं रानातून रस्त्यावर येतात. गाडीची परीक्षा घेताना ते लोक सांबर आडवं आलं असं धरून गाडी वळवून पाहतात. त्या कंपनीने विमानाच्या खुर्च्या करणारा एक माणूस नोकरीला ठेवला. त्याने खांद्यावरून छातीवर आणि कमरेवर येणारा, एका हाताने लागणारा पट्टा काढला. कंपनीने तो आपल्यापाशी दाबून ठेवला नाही, सगळ्या गाडीवाल्यांना वापरू दिला. "आज कुठल्याही गाडीत बसा," डॉक्टर म्हणाले, "पट्टा त्यांचाच."

मला ही हकीकत माहीत होती. अशी नाही, अर्धीमुर्धी.

सुधाकरचे बाबा संत्र्याचा ट्रक चालवायचे. एकदा नागपूरला त्यांच्या ट्रकशेजारी कुणा परदेशी साहेबाची गाडी उभी होती. तिच्या ड्रायव्हरने त्यांना आत बसवून पट्टा लावून दाखवला. ते घरी आले आणि आठ दिवस दुसरं बोलले नाहीत. जेवताना हात छातीवरून तिरपा ओढून दाखवायचे. "असा. इथून इथं." मग खाटेची नवार घेतली, लोहाराकडून कडी करून आणली आणि ट्रकच्या सीटला पट्टा बसवला. मंडईतली माणसं हसली. हेही हसले, पण पट्टा बांधूनच निघायचे. म्हणायचे, एक दिवस त्या गाडीत तुला बसवीन. मी म्हणायची, आधी घरावरची कवेलू (कौलं) बदला.

डॉक्टरांच्या फाटकातून गाडी निघाली तेव्हा ते हात हलवत उभे होते. आम्ही डावीकडे वळलो, ते उजवीकडे पाहून हात हलवत होते.

सुधाकरने पहिली चूक नागपुरातच केली. आमच्याकडे गाडी घेतली की आधी सीटला कव्हर चढवायचं, मग पुढचं. डॉक्टरांच्या सीट चांगल्या चामड्याच्या, पण चामडं खराब होईल म्हणून त्याच्यावर कव्हर. आम्ही दोघी कव्हरवाल्याच्या बाकावर दोन तास बसलो. गाडी तयार झाली, लाल-काळी, लग्नाच्या बँडसारखी.

मी मागे बसले, पट्टा ओढला, तर कडी अडकवायची जागाच नाही.

"मागचे पट्टे कोणी लावत नाही माय," कव्हरवाला म्हणाला. "खालीच दाबून टाकले. आता बुडाले टोचणार नाही."

गाडी टीं टीं ओरडायला लागली. त्याने खिशातून पट्ट्याशिवायच्या नुसत्या लोखंडी जिभा काढल्या, कव्हरच्या फटीतून आत खुपसल्या आणि आवाज बंद झाला. "पाहा, बसली चूप."

सुधाकरने त्याला धन्यवाद दिले. माणूस गाडी घेतो पट्ट्यासाठी आणि पहिल्याच दिवशी पट्टा गाडून टाकतो. सावनेर गेल्यावर कमरेची चंची सोडली, अडकित्ता काढला आणि कव्हर कापायला घेतलं.

"आई! काय करून राहिली तू?"

"समोर पाह्य."

"आजच टाकलं न कव्हर!"

"आजच फाडते. जुनं झाल्यावर फाडून काय फायदा?"

अडकित्त्याने सुपारी फुटते, रेक्झीन नाही. हद्द ओलांडून मध्य प्रदेशात येईपर्यंत मी लागलेच होते. शेवटी दोन्ही जागा मोकळ्या झाल्या. मी त्या जिभा काढून फेकल्या आणि माझा पट्टा लावला. कमलने काही लावला नाही; गाडी टीं टीं ओरडून शेवटी चूप बसली. ती कव्हराचे तुकडे गोळा करत होती, उशीत भरायला.

बोरगावला चहाला थांबलो. आलूबोंडा गरम होता, तर्री तिखट. टपरीवर एक संत्र्याच्या बागा असलेले गृहस्थ बसले होते. गाडी पाहून उठून आले. त्यांच्याकडे हीच गाडी होती, पांढरी.

"चांगली हाय का?" सुधाकरने विचारलं.

"वावरात नेऊ नका. पोट घासते. दुरुस्तीले नागपूर. जावई म्हणे विकून टाका, मोठी घ्या."

"मग?"

"नाही विकत. हिच्यात बसली का आमची बायको भांडतच नाही. झोपून जाते. दुसऱ्या गाडीत सौंसरपासून नागपूरपर्यंत 'हळू चालवा, हळू चालवा'."

कमल मला म्हणाली, "तू बी झोप न मंग."

सौंसर मागे टाकून जामसावळीला गेलो. इकडे नवी गाडी आधी जामसावळीच्या निजलेल्या मारुतीला दाखवतात, मग घरी नेतात. सुधाकरने टपावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली, नारळ फोडला. मी पायरीवर बसून राहिले. माझे गुडघे दुखतात, आणि मारुतीशी माझं फारसं बोलणं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा पांढुर्ण्याच्या रस्त्याला लागलो. कमल खोबरं खात होती.

"कमले, पट्टा लाव."

"मारुतीचं दर्शन घेऊन आलो न बाई. आता कायले?"

"लाव म्हणते."

"माह्यानं नाही बसवत असं आवळून. तू बस बैलावानी बांधून."

तो शब्द माझा होता. म्हणून मी तिला सांगितलं. सुधाकर ऐकत होता, तरी सांगितलं.

सुधाकर बारा वर्षांचा होता. सौंसरला लग्न होतं. आम्ही दोघं मागून घेतलेल्या जीपमध्ये रुखवताचं सामान घेऊन पुढे निघालो, सुधाकर कमलपाशी राहिला. त्याच्या बाबांनी ट्रकमधला नवारीचा पट्टा सोडून जीपला बांधला होता. मी नवी साडी नेसले होते. म्हटलं, "लग्नाले चाललो. बैलावानी बांधून घेऊन मंडपात जाता का? लोक हसतीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पट्टा सोडला, घडी केली आणि सीटखाली ठेवला. वाद घातला नाही. घालायला पाहिजे होता.

याच रस्त्यावर पुढचं टायर फुटलं आणि जीप उलटली. मी सीटच्या खाली घुसले. ते बाहेर फेकले गेले.

"टायर फुटलं एवढंच सांगतलं होतं तुनं," कमल म्हणाली.

"तेवढंच सांगतलं."

"चाळीस वर्षं?"

"हाव."

सुधाकरने आरशातून मागे पाहिलं नाही. मग शेजारी टक् असा आवाज झाला. कमलने पट्टा लावला होता. खोबऱ्याचा हात तिने बाहेर ठेवला.

ते वळण आलं. एरवी बसमध्ये मी तिथे दुसऱ्या बाजूला पाहते. त्या दिवशी पाहिलं. कडुनिंबाचं झाड आता नाही, पाण्याच्या बाटल्यांचं दुकान आहे. वळण गेलं, काही झालं नाही.

तिथून चार-पाच कोसांवर, सरळ रस्त्यावर, डावीकडच्या तुरीतून रोही (नीलगाय) उडाली. एक गेली. सुधाकरने ब्रेक मारला. मागून दुसरी आली, नर, काळा, घोड्याएवढा. सुधाकरने गाडी वळवली. चाक रस्त्याखाली उतरलं. मी आभाळ पाहिलं, माती पाहिली, परत आभाळ पाहिलं. मग संत्र्याची झाडं उलटी दिसायला लागली.

आणि कमल बोलत नव्हती.

मी तेव्हा देवाचं नाव घेतलं नाही. सुधाकरच्या बाबांनाही हाक मारली नाही. मला वाटलं, मी तिला उगाच सांगितलं. न सांगता मेली असती तर माझ्यावर न रागावता मेली असती. एवढंच डोक्यात आलं. खाली पाहिलं तर गाडीभर संत्री होती. बोरगावच्या गृहस्थांनी पिशवी भरून दिली होती.

बागेत तोडणी चालू होती, माणसं धावत आली. सुधाकरने आपली कडी दाबली आणि डोक्यावर पडला. बाहेरून कुणीतरी दार ओढलं. उलटूनही ते अडकलं नव्हतं, उघडलं.

"पहिले ह्या बुढीले काढा," एक बाई म्हणाली.

"तिले काढा," मी म्हटलं. "ती बोलत नाही."

"बोलून कशी राहू?" कमल म्हणाली. डोळे मिटलेलेच. "श्वास तर घेऊ दे. सोड हा पट्टा. लाव लाव म्हणे!"

तिची गळ्याखालची हासळी मोडली, पट्ट्यानेच. सुधाकरचं मनगट. दोघांना सौंसरच्या दवाखान्यात नेलं, तिथून दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याच्या पिकअपमध्ये पुढे दाटीवाटीने बसून घरी आलो. पिकअपला मधल्या सीटवर पट्टा नव्हता. मी ड्रायव्हरला एवढी बोलले की तो बैलगाडीसारखा चालवत आला.

गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली. सुधाकरने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी माणसांचं विचारलं. मग विचारलं, "दारं उघडली का?"

"उघडली."

"बरं झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं असणार. मलाही वाटलं. एक दिवस बसले तिच्यात.

माझ्या अंगावर डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत निळी पट्टी उठली होती. आंघोळीच्या वेळी मी ती पाहायची. असा. इथून इथं. दाखवायला कोणी नाही. कमलला दाखवली तर म्हणाली, "माही पाह्य, तुह्यापेक्षा मोठी हाय." पंधरा दिवसांत माझी पट्टी पिवळी पडली, मग गेली. जायला नको होती.

जीपच्या सीटखाली सापडलेली ती नवार मला नंतर लोकांनी आणून दिली होती. चांगली होती, टाकून कशाला द्यायची. मी ती खाटेला लावली. अजून त्याच खाटेवर झोपते. कमल शेजारच्या खाटेवर, हात गळ्यात बांधून, घोरते.

त्या रस्त्यावर मी दोनदा उलटले. पहिल्या वेळी आम्ही दोघं होतो, मी वाचले. या वेळी तिघं होतो, सुधाकर, कमल आणि मी. तिघंही वाचलो.