मिलीमीटरबाईंचे पाच स्क्रीनशॉट

"दोन कमी! अगं आई, सगळीकडे दोन-दोन कमी आहेत! रुंदीत दोन, उंचीत दोन!"

"असणारच. मीच ठेवलेत."

"मुद्दाम?"

"मुद्दाम कसलं, नेहमीसारखे. फ्रेमची काच कापायची तर मापापेक्षा दोन मिलीमीटर कमीच कापतात. बरोब्बर मापाची कापलीस की बसवताना तडकलीच म्हणून समज. काचेला जरा खेळ लागतो."

"इथे काच कुठे आहे? हे पिक्सेल आहेत, पिक्सेल! ते तडकत नाहीत!"

"नाही ना तडकत? मग तो लाल अक्षरांत बोंब कशाला मारतोय?"

पडद्यावर खरंच लाल अक्षरं होती. लेकीने ॲपच्या पानांची पाच चित्रं चढवली होती आणि पाचांखाली एकच ओळ उमटली होती: आकार चुकीचा. ज्या दुकानातून लोक मोबाइलवर ॲप उतरवून घेतात, त्या दुकानाला प्रत्येक चित्र बाराशे नव्वद बाय सत्तावीसशे शहाण्णव हवं होतं. ना एक कमी, ना एक जास्त. आईने करून दिलं होतं बाराशे अठ्ठ्याऐंशी बाय सत्तावीसशे चौऱ्याण्णव. पाचही चित्रं, अगदी एकसारखी चुकलेली.

"चूकसुद्धा काय मापात केलीयस गं," लेक कपाळाला हात लावून म्हणाली.

हे भांडण चाललं होतं फ्रेमच्या दुकानात, शुक्रवारी दुपारी, शटर अर्धं खाली ओढून. भिंतीवर पट्ट्यांचे नमुने, म्हणजे फ्रेमचे नुसते कोपरे, ओळीने टांगलेले होते. टेबलावर काच कापायचं हत्यार, खाली पुठ्ठ्याच्या कातरणांचा ढीग, आणि मागच्या बाजूला घरात जायचं दार. त्या दाराशी स्टुलावर लेकीचे बाबा बसले होते. मांडीवर पत्र्याचा डबा घेऊन डाव्या हाताने खिळे निवडत होते. लोखंडी इकडे, पितळी तिकडे.

आईला आख्खी गल्ली मिलीमीटरबाई म्हणायची. कोणी गिऱ्हाईक हात पसरून "साधारण एवढा फोटो आहे" म्हणालं, की ही विचारणार, "साधारण म्हणजे किती मिलीमीटर?" मामाच्या दुकानात काम शिकायला लागली तेव्हा पहिल्या महिन्यात तिने अकरा काचा तडकवल्या होत्या. अकराही बरोब्बर मापाच्या. बाराव्या काचेच्या वेळी मामा एवढंच म्हणाला, "पोरी, काचेला श्वास घ्यायला जागा ठेव." तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं दोन कमी. हाताला आता विचारावं लागत नव्हतं. फोटो छापायला कॉम्प्युटर घेतला, माऊस धरायला ती शिकली, पण बोटांतली ती खोड काही गेली नाही.

आणि बाबा? बाबा म्हणजे भोंगा. बसस्टँडवर तीस वर्षं त्यांनी गाड्या पुकारल्या. माइक बिघडला तरी शेवटच्या फलाटावरचा म्हातारा उठून पिशव्या गोळा करायचा, असा आवाज. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी आईला म्हणाल्या होत्या, "बाई गं, हा लाडात बोलला तरी शेजाऱ्यांना कळणार." दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा कप हातात असताना त्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात हळूहळू थोडा परत आला, शब्द काही आले नाहीत. एकच उरला: "अगं." भूक लागली, अगं. दार लाव, अगं. राग आला, अगं.

समजत मात्र त्यांना सगळं होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, आईनेही मान डोलावली होती. तरी त्यांच्याशी बोलताना तिचा आवाज आपोआप चढायचा आणि वाक्यांचे तुकडे पडायचे.

आत्तासुद्धा ती लेकीकडून वळून म्हणाली, "अहो! पितळी! ते! वेगळे! ठेवा!"

बाबांनी वेगळे ठेवलेलेच होते.

लेक दिवसा कंपनीत दुसऱ्यांची ॲप लिहायची. घरी आल्यावर वर्षभर खपून तिने बाबांसाठी एक लिहिलं होतं. मोठमोठी गोल बटणं, प्रत्येकावर चित्र. बटण दाबलं की फोन बोलतो: पाणी हवं, पंखा बंद करा, पाठ दुखतेय. बाबा जिथे शिकायला जायचे त्या केंद्रातल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "सोमवारी नवा गट बसतोय. बारा जण. तोवर हे दुकानात आलं तर पहिल्याच दिवशी बाराही फोनवर टाकते. नाही आलं तर हा गट आपल्या त्या पुठ्ठ्याच्या चित्र-कार्डांवरच शिकेल. पुढचा गट चार महिन्यांनी."

ॲपचे दुकानवाले तपासायला एक-दोन दिवस घेतात. म्हणजे आज, शुक्रवारी, चित्रं गेलीच पाहिजेत.

खरं तर पहिला घोळ लेकीचाच होता. बाबांच्या जुन्या लहान फोनवर तिने चित्रं काढली आणि मोठ्या मापात बसावीत म्हणून सरळ ताणली. ती पाहून आई किंचाळलीच होती.

"हे काय गं? बटणांची अंडी झाली! त्या पाण्याच्या पेल्याला बघ, जिराफासारखी मान आलीय!"

"आई, माप बसलं ना?"

"लहान चित्र मोठ्या फ्रेममध्ये ताणून बसवतात का? उद्या तुझ्या आजोबांचा पासपोर्ट फोटो दाराएवढ्या फ्रेममध्ये ताणशील, आजोबा बांबू दिसतील! माउंट द्यायचा असतो. चित्र मधे, भोवती कोरा पुठ्ठा. सरक. ऊठ तिथून."

मग तीच बसली. चित्र रुंदीला हजार, दोन्ही बाजूंना सारखी कोरी जागा. वर थोडी कमी, खाली थोडी जास्त, कारण खाली जागा कमी पडली की चित्र घसरल्यासारखं दिसतं. आणि त्या खालच्या जागेत, फ्रेमखाली पितळी पट्टी ठोकावी तशी, एकेक ओळ. फोनच्या कोपऱ्यात बॅटरी नऊ टक्के दिसत होती, तीही तिने पुसली. "गिऱ्हाईकाला वाटायचं हे ॲप चार्जिंग खातं." काम इतकं देखणं झालं, की लेकीचं तोंडच बंद झालं. ते उघडलं थेट लाल अक्षरं आल्यावर.

"आण इकडे," आई आता म्हणाली. "रडू नको. दोन वाढवते."

"रडत नाहीये मी."

"मग नाक कशाला ओढतेयस? आकडे सांग."

लेकीने सांगितले. आईने एकेक आकडा मोठ्याने म्हणत टाइप केला. शेवटच्या सहावर बोट क्षणभर अडलं. अठ्ठावीस वर्षांची खोड चारावर जाऊ बघत होती. "खेळ शून्य," ती स्वतःलाच दटावून म्हणाली आणि सहा दाबला.

चित्रं चढली. लाल गेलं, हिरवं आलं. पाचांखाली हिरवं.

"झालं! आई, घेतलं त्याने! आता फक्त पाठवायचं!"

"अगं," मागून आवाज आला.

बाबा डबा खाली ठेवून उठले होते. पाय ओढत टेबलापाशी आले, पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्या चित्रावर डावं बोट टेकवलं. काच टकटक वाजली.

"अगं. अगं!"

"अहो! झालं! आहे! ते!" आई म्हणाली. "बसा! तुम्ही!"

बाबांचं बोट हलेना. लेक वाकून पाहायला लागली. पहिल्या चित्रात चार गोल बटणं होती आणि त्यांवर लिहिलेलं होतं: वाक्य १, वाक्य २, वाक्य ३, वाक्य ४. लिहिताना तात्पुरतं म्हणून केलेलं पान. घाईत तेच पुढे आलं होतं.

"बाबा, ते नमुन्याचं आहे. लोकांना कळेल, की इथे आपापली वाक्यं टाकता येतात."

बाबांनी जोरजोरात मान हलवली. मग भिंतीकडे हात केला. शोकेसमध्ये आईने केलेल्या तीन फ्रेम उभ्या होत्या. एकीत जहाज, एकीत कोणाचं तरी लहान मूल, एकीत सूर्यफुलं. रिकामी एकही नव्हती.

आई बघत राहिली. "बरोबर आहे त्यांचं," ती लेकीला म्हणाली. "रिकामी फ्रेम शोकेसमध्ये कोण ठेवतं? तीही सगळ्यात पुढे?"

"मग कुठलं पान घेऊ? घड्याळ बघ ना जरा."

बाबांनी खिशातून आपला फोन काढला. खिशातून म्हणजे घरच्या सदऱ्याच्या. दारापलीकडे तो फोन कधी जात नसे. एकदाच नेला होता. नाक्यावर साबण मागायला बटण दाबलं, तर शेजारचा एकजण हसून म्हणाला, "काय काका, गाणी ऐकवताय?" तेव्हापासून साबण आईच आणायची, आणि बाबाही तिच्या मागून नुसते येऊन उभे राहायचे.

ते पानं सरकवत गेले. जेवण, औषध, घर. शेवटचं पान होतं 'बाहेर'. त्यावरची वाक्यं वाचा-उपचारवाल्या बाईंनी केंद्रातल्या लोकांना विचारून, हो-नाहीच्या खुणांनी एकेक करून गोळा केलेली होती. घरात त्या पानाला कोणी हात लावला नव्हता. बाबांचं बोट खालच्या बटणाशी आलं. थांबलं. मग त्यांनी दाबलं.

फोन बोलला, यंत्राच्या सपाट आवाजात: "मला सगळं समजतं. हळू बोला, ओरडू नका."

लेकीने आईकडे पाहिलं, मग पटकन खाली, कातरणांकडे.

"हे," आईने विचारलं, "मला?"

बाबांनी पडद्यावरच्या पहिल्या चित्रावर पुन्हा बोट ठेवलं. मग तेच बोट हलकेच आईच्या मनगटावर टेकवलं. "अगं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पण 'नाही'ही नव्हतं.

आई खुर्चीत नीट बसली. पदराने चष्मा पुसला, गरज नसताना दुसऱ्यांदा पुसला.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी यांच्याशी फलाटावरून बोलल्यासारखी बोलतेय. आणि तू गं? तुला नाही सांगता आलं मला?"

"मी ऐकत होते कुठे, मी टाइप करत होते," लेक पुटपुटली.

"घ्या. घरात तीन माणसं. एक ओरडतेय, एक टाइप करतेय आणि बोलता न येणारा एकटाच काय तो मुद्द्याचं बोलतोय." मग तिने नवऱ्याकडे वळून, जपून, इतक्या हळू विचारलं की ओठच फक्त हलले, "अहो, हेच पहिलं घेऊ ना?"

बाबांनी कानामागे हात धरला. ऐकू न आल्यासारखा. आणि चेहरा इतका साळसूद, की लेकीला आधी हसू फुटलं आणि मग आईलाही.

"बघ, बघ. भोंगा चेष्टा करतोय माझी!"

ते पान काढलं. आईने स्वतः माउंट दिला. बाजूच्या जागा दोनदा तपासल्या, बॅटरी पुसली. खालच्या पट्टीसाठी लेकीने ओळ सुचवली, "संवाद सोपा करणारं ॲप". आईने नाक मुरडलं. "हे साबणाच्या वडीवरचं वाटतं. बटण काय बोलतं तेच लिही." तेच लिहिलं. हिरवं आलं. चार वाजून दहा मिनिटांनी लेकीने 'पाठवा' दाबलं. शटर वर गेलं. बाहेर एक गिऱ्हाईक खोळंबून उभं होतं, हातात साधारण एवढा फोटो घेऊन.

शनिवारी काही आलं नाही. लेक दर दहा मिनिटांनी फोन बघत होती. आई पट्ट्या कापत होती आणि दर अर्ध्या तासाने म्हणत होती, "सारखं झाकण उघडलं तर भात शिजत नाही." बाबांशी मात्र ती सबंध वाक्यं बोलत होती, साध्या आवाजात, अधेमधे अडखळत. नव्याने शिकल्यासारखी. एकदा सवयीने "अहो! डबा!" निघून गेलं, आणि बाबांनी नुसतंच खिशाला हात लावला. "कळलं, कळलं," ती म्हणाली. "जरा डबा देता का इकडे?"

रविवारी सकाळी दुकान बंद होतं. नऊच्या सुमारास आतल्या खोलीतून लेकीची किंकाळी आली. आईच्या हातातला कप हिंदकळला.

"मंजूर! आई, मंजूर झालं! दुकानात दिसतंय! हे बघ, हे बघ, पहिलं चित्र!"

तिघं त्या एका फोनवर वाकले. लहानसं, आगपेटीएवढं, पण सरळ. बटणं गोल. चारही बाजू जिथल्या तिथे. खाली पितळी पट्टीसारखी ती ओळ. आईने डोळे बारीक करून कडा पाहिल्या, सवयीने, आणि कडांना नाव ठेवण्यासारखं काही सापडलं नाही.

लेकीने उपचारवाल्या बाईंना फोन लावला. पलीकडून इतका आनंद ऐकू आला, की फोन कानापासून लांब धरावा लागला. मग लेक बाबांकडे वळली.

"बाबा, बाई म्हणतायत, उद्या त्या बारा जणांपुढे कोणीतरी वापरून दाखवायला हवं. आधीपासून वापरणारं. त्या म्हणतायत तुम्ही याल का?"

बाबा खिडकीकडे बघत राहिले.

"परक्या लोकांपुढे आहे," आई साध्या आवाजात म्हणाली. "नाही म्हणालात तरी चालेल. पण मला विचाराल तर दाखवावंत. जाल का?"

बाबा उठले. टेबलावरचा आपला फोन उचलला, खुंटीवरचा बाहेरचा सदरा डाव्या हाताने कसाबसा अंगात घातला आणि फोन त्याच्या वरच्या खिशात ठेवला. खिशावर दोनदा थोपटलं. चपलेत पाय सरकवले.

"बाबा? आत्ता नाही, उद्या जायचंय!"

"थांब," आई लेकीला म्हणाली. तिची नजर मोरीकडे गेली. साबणाची वडी पार झिजून कागदासारखी झाली होती. "अहो, नाक्यावर निघालात का? मी येऊ बरोबर?"

बाबांनी दाराची कडी काढली, आणि काही न बोलता, "अगं"सुद्धा न म्हणता, ते उंबरा ओलांडून गेले.