चुनीलालच्या उपरण्याच्या गाठी

चुनीलाल घराबाहेर पडायचा तेव्हा त्याच्या उपरण्याला गाठी असायच्या, आणि त्या बांधणारी असायची त्याची बायको रंजनाबाई. तापीकाठच्या त्या गावात गुजरांची पन्नासेक घरं, केळीच्या बागा पार नदीपर्यंत, आणि सगळ्या गावाला ठाऊक की चुनीलालला काम सांगायचं तर गाठ मारून सांगायचं. एक गाठ बागेतलं पाणी बंद करण्याची, दुसरी गिरणीतून पिठाचा डबा आणण्याची, तिसरी शिंप्याकडे निरोप देण्याची. चुनीलाल मान डोलवायचा, उपरणं खांद्यावर टाकायचा आणि निघायचा. संध्याकाळी परत यायचा तो भलतंच काहीतरी करून. कुणाची चिखलात रुतलेली गाडी ढकललेली, कुणाच्या गोठ्याचं कौल बसवून दिलेलं. गाठी जशाच्या तशा.

मग काय, रंजनाबाईचा पट्टा सुरू. बिनडोक, उंडगा, बेफिकीर. बोलून बोलून तिचं तोंड दुखायचं आणि तो आपला ओशाळं हसत ओट्यावर बसून राहायचा. एकदा म्हणाला होता, "गाठ ते दिसस, हेमकांतनी माय, पण काय बांधेल शे ते दिसत नही." ती आणखीनच भडकली. वर थट्टा करतो म्हणजे काय?

एका वर्षी तर त्याने कहर केला. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्ताला नारळ वाहायचा आणि बैलांसाठी घुंगरमाळ आणायची, एवढंच काम. गडी परत आला तो एका डोळ्याने अधू घोडी घेऊन. घुंगरमाळ राहिलीच. ती घोडी अशी भेदरट, की जवळ जाईल त्याला लाथ. रंजनाबाईने दोन दिवस चुलीशी बसून राग काढला. पण तिसऱ्या दिवशी तिने जे पाहिलं ते तिला आजही स्वच्छ आठवतं. जो माणूस एक भाकर एका जागी बसून खाऊ शकत नव्हता, तो सकाळपासून त्या घोडीसमोर मांडी घालून बसला होता, हलक्या आवाजात तिच्याशी बोलत. जेवायला बोलावलं तर ऐकूही गेलं नाही. दिवस कलला तेव्हा घोडीने आपणहून त्याच्या खांद्यावर तोंड टेकलं. पुढे आसपासच्या गावांतले लोक आपली बुजरी जनावरं त्याच्याकडे आणू लागले. काय सुंदर दिवस होते ते, आणि आपण ते कटकटीत घालवले, असं रंजनाबाईला आता वाटतं. आता म्हणजे चुनीलाल जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

तो गेला केळीच्या बागेतच, छातीत कळ येऊन. खांद्यावर उपरणं होतं. ते तिने धुतलं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. गाठी सोडायचं तिच्या जिवावर आलं.

हे सगळं वर निघालं ते नातीमुळे. मुलाची, हेमकांतची मोहिनी, नऊ वर्षांची. दांडगट म्हणावी तर नाही. पण वहीत तीन गणितं सोडवून चौथ्याच्या मध्येच थांबायची. दप्तर शाळेत, चप्पल मैत्रिणीकडे. दूध उतू जाताना समोर उभी असायची आणि तिला दिसायचंच नाही. शाळेतल्या बाईंचा निरोप आला, पोरगी हुशार आहे पण वर्गात नसतेच. हेमकांतने एका शिस्तीच्या वसतिगृहाचा अर्ज आणला. जूनपासून तिकडेच, म्हणाला, म्हणजे वळण लागेल.

हेमकांतचं दुखणं जुनं होतं. दहावीच्या परीक्षेहून न्यायला बापू, म्हणजे चुनीलाल, येणार म्हणून तो एस.टी.च्या थांब्यावर दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभा राहिला होता. बापू विसरले होते. ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलाही नाही. मोहिनी बापूंच्या वळणावर जाते आहे या भीतीने त्याला झोप लागत नव्हती. आणि रंजनाबाईचा जीव तुटत होता तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. ही पोर परक्या जागी रोज बोलणी खाणार, आणि तिच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नसणार.

शेवटी सुनेने हट्ट धरला, आधी दाखवून तर घेऊ. सून कामात अडकलेली, म्हणून रंजनाबाईच नातीला घेऊन नंदुरबारला गेली, मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिला वाटलं होतं रक्त काढतील, फोटो काढतील. तसं काही नव्हतंच. कान-डोळे आधी तपासून घ्या म्हणाल्या, आणि मग नुसते प्रश्न. हे घरीही होतं की फक्त शाळेत? सहा महिन्यांच्या वर झाले का? अगदी लहानपणापासून आहे का? सांगितलेलं मध्येच सुटतं का? वस्तू हरवतात का? आवडीच्या कामात मात्र तासन्‌तास रमते का? बाईंनी समजावलं, की याला एडीएचडी म्हणतात. दर वेळी मूल धावतंच असं नाही, काही मुली बसल्या जागेवरून मनाने निघून जातात. हा आळस नव्हे, हट्ट नव्हे, आईबापाचा दोषही नव्हे. पण एका भेटीत शिक्का मारायचा नसतो, शाळेतल्या बाईंकडून हा कागद भरून आणा. आणि तोवर तिला काम सांगाल ते एका वेळी एकच सांगा.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं होतं का? रंजनाबाई फटकन म्हणाली, नाही. आमच्या घरात वेडंबिडं कुणी नाही.

परतीच्या एस.टी.त तिला ते ‘नाही’ टोचू लागलं. बाईंचा एकेक प्रश्न आठवावा आणि समोर चुनीलाल उभा राहावा. घोडीसमोर मांडी घालून बसलेला चुनीलाल. एका वेळी एकच सांगा, म्हणे. तिने तर एका दमात तीन-तीन सांगितली होती, चाळीस वर्षं.

घरी येऊन तिने पेटी उघडली. उपरण्याला तीन गाठी. पहिली पाणी बंद करण्याची, हे तिला आठवलं. दुसरी? तिने बोटांनी चाचपून पाहिली. तिसरी? तिन्ही गाठी सारख्याच होत्या. गावातल्या लग्नांच्या तिथी तोंडपाठ असलेली ही बाई, आणि तिला स्वतः मारलेली गाठ ओळखता येईना. गाठ दिसते, काय बांधलंय ते दिसत नाही. तो थट्टा करत नव्हता. ती पेटीशी बसून मोठ्याने रडली.

हेमकांत आला तेव्हा तिने उपरणं त्याच्यापुढे टाकलं.

"कोनती गाठ कसानी शे, तू सांग. मीच बांध्यात, अन मालेच याद येत नही."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. थांब्यावरचंही. त्या दिवशीही तीन गाठी होत्या, हेमकांत, आणि त्यातली एक तू होतास. बापू रिकामे परत आले आणि तुझं नाव निघालं तेव्हा ते एस.टी.च्या थांब्यापर्यंत धावत गेले होते, अनवाणी. तुला ते दिसलं नाही, कारण तू रागाने मळ्याच्या वाटेने आला होतास. हेमकांतने वसतिगृहाचा तो अर्ज घडी करून माळ्यावर टाकला आणि पुढच्या भेटीला मी पण येतो म्हणाला.

पुढच्या भेटीत शाळेचा कागद वाचून बाईंनी सांगितलं, हो, तेच आहे, आणि याच्यावर काम करता येतं. त्या पुढे बोलणार तोच रंजनाबाई म्हणाली, बाई, मागच्या वेळी मी खोटं बोलले. आमच्या घरात होते एक. हिचे आजोबा. बाई म्हणाल्या, गेलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत, हे घराण्यात चालत येतं.

मोहिनी एरवी अशा बोलण्यात हरवलेली असायची. आज ती आजीकडे टक लावून बघत होती.

"आजोबा मन्हासारखा व्हतात?"

"व्हतात, पोरी. अन मी आखा जनम त्यास्ले बोलतच ऱ्हायनू."

मोहिनी खुर्चीवरून उतरली आणि आजीच्या मांडीवर येऊन बसली, नऊ वर्षांची घोडी झाली होती तरी.