रात्रीची गोळी

माझ्या नवऱ्याची नोकरी ज्याने खाल्ली, त्याला मी भावोजी म्हणत असे. दोघं एकाच कंपनीत, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये बिऱ्हाडंही एकाच इमारतीत. आमच्या गणपतीच्या आरतीला टाळ त्याच्याच हातात असायचे. मंदी आली, बांधकामं अर्धवट थांबली आणि कोणाला काढायचं हे ठरवायचं काम या भावोजींकडे आलं. त्याने नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं वेट बघ, बीपी बघ. साइटचं टेन्शन तुला झेपणार नाही. पर्सनली घेऊ नकोस, यार." आणि त्या जागी स्वतःच्या मेहुण्याला ठेवलं.

नवऱ्याने ते पर्सनलीच घेतलं. मी तर त्याहून जास्त. उम्म अल कुवैनच्या एका छोट्या कारखान्यात त्याला काम मिळालं, पण तिथे इन्शुरन्स नव्हता. आम्ही करामामध्ये एका खोलीत आलो. दोघांनी एकच हट्ट धरला, बारीक व्हायचं आणि या माणसाच्या नाकावर टिच्चून उभं राहायचं. मी भात बंद केला. रात्री काकडी आणि ताक. नवरा कारखान्यातून आला की बूट न काढताच चालायला निघायचा. पँट्स ढगळ झाल्या, गालफडं बसली, आणि मी मनातल्या मनात भावोजीला म्हणायची, बघ मेल्या.

बीपीची गोळी मात्र तीच राहिली. तो लठ्ठ असताना मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, झोपताना घ्यायची. सुट्टीवरून परतणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून वर्षभराच्या गोळ्या यायच्या आणि आम्ही त्या निमूटपणे संपवायचो. डोस कोणाला विचारायचा, हा प्रश्नच पडला नाही. बीपीच्या मशीनवरचा आकडा उतरला की मी खूश. सकाळी उठताना त्याला गरगरायचं, तर मी म्हणायची, हलका झालास ना, म्हणून.

मग डाव्या बाजूने येणाऱ्या माणसांना तो धडकू लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून काचबिंदू सांगितला. डोळ्यातला दाब मात्र ठीक होता. "इतना वजन घटा, तो गोली किसने कम की?" त्यांनी विचारलं. तीच चालू होती. वाढलेलं वजन आणि बीपी वाईटच, त्या म्हणाल्या, पण एवढं वजन उतरल्यावर जुन्याच गोळीने झोपेत बीपी फार खाली जाऊ शकतं आणि डोळ्याच्या नसेला रक्त पुरत नाही. हेच एकमेव कारण असं नाही, पण हे असू शकतं. त्यांनी थेंब दिले, गोळी बदलायला पाठवलं, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं. मला कारण एकच दिसत होतं. त्याच्या हातात टाळ होते.

त्या वर्षी गणपतीपुढे हात जोडून मी त्याचं वाईट मागितलं. लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

काही वर्षांनी एका बारशाला तो भेटला. पोट सुटलेलं, जिना चढून धापा टाकत होता. "वहिनी, याने काय जादू केली? मलाही बीपी निघालंय. डाएट सांगा ना."

याच दिवसाची तर मी वाट पाहत होते. हसतमुखाने सगळं सांगितलं, काकडी, ताक, चालणं.

"आणि गोळी? रात्रीची आहे."

"आहे तीच चालू ठेवा, भावोजी."

नवऱ्याने त्याच्याकडे बघायला अख्खी मान वळवली. "वजन उतरायला लागलं की डॉक्टरांना दाखवून डोस बघून घे. मी नाही दाखवलं. हा डोळा गेला."

भावोजीने त्याचा हात धरला. "वाचवलंस, यार."

परतताना मेट्रोत मी मुद्दाम नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसले, त्याला दिसू नये म्हणून.

"अगं, कुणाचाही झाला तरी डोळा आहे तो," तो म्हणाला.

"तुझाही डोळाच होता," मी म्हटलं.