पक्कडकाकांचे चार बोल्ट

पक्कडकाकांच्या घरी पाहुण्यानं हात धुवायला एकट्यानं जाऊ नये. दोन्ही हातांनी जोर लावला तरी तिथला नळ जागचा हलत नाही. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात नळ जोडण्यात घालवलेल्या या माणसाला एकच मंत्र ठाऊक होता. गळतंय? आवळा. गळत नाही? तरी आवळा, उद्या गळेल. निवृत्तीनंतर खात्याचे नळ सुटले आणि घरातल्या बरण्या त्यांच्या तावडीत सापडल्या. साखरेची बरणी काकांनी लावली की चहाच्या वेळी काकू शेजारच्या पैलवानाला हाक मारत. गल्ली त्यांचं खरं नाव केव्हाच विसरली होती, आणि पक्कड या नावाचा काकांना मनातून अभिमानच होता.

काकू कपडे शिवत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन होतं, आणि गेली सहा वर्षं त्यांचं जग त्या खिडकीपासून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच होतं. कारण लाजण्यासारखं नव्हतं, पण काकू लाजत. त्यांना दर पाऊण तासानं लघवीला जावं लागे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, फरक शून्य. प्रवासाला निघायचं म्हटलं की त्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करत. तरीसुद्धा लेकीकडून परत येताना एकदा बस थांबवायला सांगावं लागलंच. "पुढच्या स्टँडवर बघू," ड्रायव्हर म्हणाला. पुढचा स्टँड तासाभराच्या अंतरावर होता. त्या दिवशी घरी येऊन काकूंनी अंगावरचे कपडे धुवायला भिजवले, बॅग माळ्यावर टाकली आणि प्रवास हा विषय कायमचा मिटवला.

लेक नऊ तासांवर. ती दवाखान्यात नर्स, जावई बोटीवर, त्यामुळे तिला निघणं जमेना. नात तीन वर्षांची होत आली तरी आजीनं तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. काका एकदा एकटे जाऊन आले. परत आल्यावर मोठ्या हौशीनं नातीची एक गंमत सांगितली, मग काकूंचा चेहरा पाहिला आणि बाकीच्या साऱ्या गमती गिळून टाकल्या.

म्हणूनच त्यांनी ती जुनी मोटरहोम घेतली. आत पलंग होणारी दोन बाकं, एक शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. विकत घेताना काकांनी इंजिनाची चौकशीसुद्धा केली नाही. संडासाचं दार मात्र तीनदा उघडून बघितलं.

पहिली फेरी तळ्याकाठच्या गाडीतळापर्यंत. काकू खुशीत होत्या, जाताना दोनदा आत जाऊनही आल्या. घोळ झाला तो टाकी रिकामी करताना. संडासाखाली मैल्याची टाकी असते आणि तिच्या तळाशी पात्याचा व्हॉल्व्ह. दांडा ओढला की पातं सरकून वाट मोकळी होते, ढकलला की बंद. पण हे पातं झिजलेलं. आतून झिरपलेलं सगळं नळीच्या तोंडावरच्या झाकणामागे साठून बसलं होतं, आणि काकांनी झाकण काढताच ते त्यांच्या नव्या बुटांवर आलं. शेजारच्या गाडीतल्या कुटुंबानं आपल्या खुर्च्या उचलल्या आणि एक शब्द न बोलता लांब नेऊन मांडल्या. काही बोलले असते तर बरं झालं असतं. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्यापायी तुमची शोभा झाली," त्या म्हणाल्या.

"शोभा कसली त्यात? बूट धुतले की झालं."

"एक थेंबही गळत नाही असं दाखवा, तरच मी या गाडीत पाय ठेवीन. नाहीतर विकून टाका."

नातीचा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता.

सुट्या भागांच्या दुकानातल्या बाईंनी काकांपुढे नवा व्हॉल्व्ह ठेवला. जुन्याचं पातं प्लॅस्टिकचं होतं, याचं पोलादी. सोबत दोन रबरी सील, सिलिकॉनच्या ग्रीसची डबी आणि आणखी एक छोटा व्हॉल्व्ह. "हा नळीच्या तोंडाशी बसवा. आतला चुकला तर हा सांभाळून घेईल. आणि काका, व्हॉल्व्हचं अंग प्लॅस्टिकचं आहे हं, जपून." काका हसले. चौतीस वर्षांच्या माणसाला ही काल आलेली पोर व्हॉल्व्ह शिकवणार!

गाडीखाली जुनी सतरंजी अंथरून काका आडवे झाले. टाकी आधीच धुऊन काढलेली. चार बोल्ट काढले, जुना व्हॉल्व्ह सोडवला, नवा सरकवला, सील लावले आणि दात-ओठ खाऊन आवळले. टाकीत स्वच्छ पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. अर्ध्या तासात बातम्या भिजल्या. काकांनी आणखी आवळलं, गळती आणखी वाढली. नवे सील आणले, तीच गत. तिसऱ्या खेपेला कट् असा आवाज आला आणि व्हॉल्व्हचा कोपरा तडकला. ज्या माणसानं अर्ध्या शहराचे नळ वठणीवर आणले, त्याला या टीचभर व्हॉल्व्हनं पाणी पाजलं. दुकानातल्या बाईंनी नवा व्हॉल्व्ह काढून दिला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही, याबद्दल काकांनी मनोमन त्यांचे आभार मानले.

वाढदिवसाला चार दिवस उरले. काका ओट्याशी बसून काढलेला सील बोटांत फिरवत होते, जेवणाकडे लक्ष नव्हतं. काकूंनी शिवणाचा चष्मा नाकावर चढवला आणि सील हातातून घेतला.

"अहो, हा काठ मुरगळलाय."

"असू दे, दाबला की बसतो."

"कसा बसेल? कापड ताणून शिवलं की शिवणीला चुण्या पडतात, तसं झालंय हे. चारी कोपरे ओढलेत तुम्ही. मधे फट राहणारच. जरा सैल सोडा."

"सैल?" काकांचा चेहरा असा झाला, जणू कोणी भर चौकात शिवी दिली. "व्हॉल्व्ह सैल?"

"मग आवळा आणि बसा गळती बघत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजीवर दोघं होते. काकूंनी सील बोटानं चाचपून सरळ बसवला. काकांनी एक बोल्ट थोडा फिरवला, मग तिरका समोरचा, मग उरलेले दोन. त्यांच्या मनगटावर काकूंचा हात होता. "बास," त्या म्हणाल्या. काकांचा पाना हातात शिवशिवत होता. "बास म्हटलं ना!" काकांनी पाना खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी अर्धवट आवळून सोडलं होतं, आणि त्यांना अगदी कसंनुसं झालं.

वर्तमानपत्र कोरडं राहिलं. संध्याकाळीही कोरडं, दुसऱ्या सकाळीही कोरडं. काकांचा जीव भांड्यात पडला. बाहेरचा व्हॉल्व्ह त्यांनी मुद्दाम नंतर बसवला, नाहीतर आतल्याची लबाडी झाकली गेली असती. मग संडासाच्या दारावर आतून कागद चिकटवला: दांडा उघडा ठेवू नये, पाणी निघून जातं आणि बाकीचं आत सुकून बसतं. आधी मैल्याची टाकी सोडावी, मग भांडी धुतलेल्या पाण्याची, म्हणजे नळी धुतली जाते. महिन्यातून एकदा पात्याला ग्रीस लावावं, तेल मुळीच नाही, रबर फुगतं. संध्याकाळी पाहतात तो खाली काकूंच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: आवळण्याआधी मला विचारणे.

माळ्यावरची बॅग खाली आली. पहाटे निघाले. काकू पाऊण तासानं मागे गेल्या, आल्या, खिडकीशी बसल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. काका सवयीनं प्रत्येक पेट्रोल पंपाशी वेग कमी करत. "थांबू का?"

"कशाला?" काकू म्हणाल्या आणि दोघंही हसले.

ऊन चढलं तशी काकूंनी पाण्याची बाटली उचलली. सकाळी काकांनीच भरून लावली होती. काकूंनी ती नेहमीप्रमाणे काखेत दाबली, झाकणावर रुमाल धरला आणि जीव एकवटून पिळलं. झाकण इतकं सहज निघालं की चार थेंब मांडीवर सांडले. त्यांनी काकांकडे बघितलं. काका रस्त्याकडे बघत होते, जरा जास्तच लक्ष देऊन.

काकूंनी बाटली तोंडाला लावली. अर्धी संपवली, दम घेतला, मग उरलेलीही संपवली. सहा वर्षांपूर्वीच्या त्या बसमध्ये काकांच्या शेजारी त्या घोटभर पाण्यावाचून बसल्या होत्या, घसा सुकलेला, मुठी आवळलेल्या. काकांना ते आठवलं आणि समोरचा रस्ता क्षणभर धूसर झाला.

"अजून आहे का हो पाणी?" काकूंनी विचारलं.

"हवं तेवढं आहे," काका म्हणाले. "पी तू."