शिमग्याच्या नाटकातली हडळ

मी आयुष्यात एकदाच नाटकात काम केले. तेव्हा नऊ वर्षांचा होतो, कल्याणला राहत होतो, आणि काम होते एका भित्र्या मुलाचे. मास्तरांनी त्यासाठी मलाच का निवडले, हे गावात कोणालाही विचारावे लागले नाही.

परसातल्या विहिरीला मी भीत असे, विहिरीवरच्या उंबराला भीत असे, आणि स्टेशनात आगगाडीने शीळ घातली की देवघरात जाऊन बसत असे. गावात आगगाडी माझ्या जन्माआधीपासून होती, म्हणजे सवय करून घ्यायची ती मीच. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांचे म्हणणे, या मुलाला जरा धाक हवा. आईचे म्हणणे, आहे तेवढा पुरे आहे, आधी त्याला जेवू द्या.

आमच्या मराठी शाळेचे मास्तर त्या वर्षी ठाण्याला जाऊन एका नाटक मंडळीचा खेळ पाहून आले आणि परतले ते निराळेच होऊन. राक्षस आरोळ्या ठोकत कसा येतो, मशालीवर राळेची पूड फेकली की भडका कसा उडतो, हे त्यांनी आम्हांला करून दाखवले. त्यात भागाकार राहिला तो राहिलाच. शिमगा तोंडावर आला होता. दरवर्षी गावात सोंगे निघत, पण यंदा सोंगे नाहीत, नाटक करायचे, असे त्यांनी ठरवले. गोष्ट घेतली खाडीकाठच्या मिठागरातल्या बायका सांगत ती. तिन्हीसांजेला बांधावर हडळ उभी राहते आणि मुलांना त्यांच्या आईच्या आवाजात हाक मारते. जे मूल फसते ते परत येत नाही. जे तिच्या पायांकडे बघते ते वाचते, कारण तिचे पाय उलटे असतात.

या गोष्टीला मास्तरांनी स्वतःचा शेवट जोडला. मांत्रिक येतो (मांत्रिक अर्थातच मास्तर), खिळा ठोकून हडळीला झाडाशी जखडतो, आणि मग गावातल्या प्रत्येक मुलाने पुढे येऊन खराट्याचा एकेक हीर तिला मारायचा. खराट्याने दृष्ट काढतात ना, तशी मुलांच्या मनातली भीती कायमची निघून जाईल, असे त्यांनी घरोघर इतक्या गंभीरपणे सांगितले की आयांनी आठ दिवस आधीच खराटे सोडून हीर वेगळे केले. मी चांगले जाडजूड बारा निवडून ठेवले. माझी भीती एका हिराने जाईल असे मला वाटत नव्हते.

हडळ व्हायला मात्र गावातला एकही मुलगा तयार होईना. तिचे सोंग घेतले की ती अंगाला लागते, असे सगळ्यांच्या घरी म्हणत. शेवटी मिठागरातला एक मुलगा आपण होऊन आला. तेरा-चौदा वर्षांचा, उंच, काटकुळा, मिठाच्या पाण्याने पायांची कातडी भेगाळलेली. सुताराने त्याला लाकडाच्या उलट्या खडावा करून दिल्या, पुढे टाच आणि मागे बोटे. त्यांच्या दोऱ्या बांधायला मी रोज मदत करीत असे, आणि तो बांधून उभा राहिला की रोज पळत असे.

एक अडचण होती. आईची हाक त्याला जमेना. मिठागरावर गड्यांना हाळी घालतात तसा तो ओरडे, आणि ती ऐकून कोणतेही मूल उलट घरातच पळाले असते. मास्तर वैतागले. "अरे, तुझी आई तुला हाक मारते तशी मार ना!"

तो खाली बसून खडावांच्या दोऱ्या सोडू लागला. तालीम संपल्यावर शाळेमागच्या ओट्यावर मला म्हणाला, "तुजी आय तुना हाक कशी मारते रं?"

मी मारून दाखवली. त्याला ती पटली नाही, आणि ते बरोबरच होते. मग तो संध्याकाळी आमच्या परसाच्या कुंपणाबाहेर येऊन बसू लागला. आई मला जेवायला हाक मारी आणि तो ऐके. दोन-तीन दिवसांत आईच्या हे लक्षात आले. तिने त्याला कुंपणावरून ताकाचा गडू दिला, आणि त्या दिवसापासून ती मला दोनदा हाक मारू लागली. दुसऱ्या हाकेच्या वेळी मी तिच्यासमोर पाटावर बसलेला असे.

त्याची आई त्याच्या वेळच्या बाळंतपणात गेली होती. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असे लोक मानत, आणि मिठागरात सगळे तिलाच बांधावरची हडळ म्हणत. तिला पाहिल्याचे शपथेवर सांगणारे पाच-सहा जण होते. हे त्यानेच मला सांगितले, अगदी सरळ, आपल्या गावचा देव सांगावा तसे.

"मी तीन सांजा उबा रायलो बांधावर," तो म्हणाला. "मना नाय कुनी हाक मारली."

"मग हे सोंग कशाला घेतलंस?"

"दुसऱ्या कुनी घेतला असता त तिना वंगाळ केली असती."

त्याला एकच गोष्ट नको होती, ते हीर. नाटकात काय ते होऊ दे, खिळा ठोका, पण मारू नका. "सगली पोरं मारतील. तिना लागंल," तो म्हणाला. त्याने मास्तरांना एकदा सांगून पाहिले होते. मास्तर म्हणाले, हडळीला मार नाही तर मग नाटक कसले? आता मी सांगावे, मी कारकुनाचा मुलगा, माझे ते ऐकतील, असे त्याचे म्हणणे. माझे कोणीतरी ऐकेल असे मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी म्हटले होते. मी छाती पुढे काढून हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या मेजापुढे जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "काय रे?" मी म्हणालो, "पाणी प्यायला जाऊ?" तीन दिवसांत मी सहा वेळा पाणी प्यायलो. शेवटी त्याला सांगितले की मास्तर माझेही ऐकत नाहीत. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणजे त्याला माझीच कीव आली. मला त्या वेळी बरे वाटले, याची आज लाज वाटते.

नाटकाच्या दिवशी देवळासमोरच्या पटांगणात दिवेलागणीलाच दाटी झाली. एका बाजूला बायका, पुढे मुले, आणि प्रत्येक मुलाच्या हातात हीर. मला शेजारच्या काकूंचा रेशमी कद नेसवला होता आणि तो जपण्याबद्दल दहादा बजावले होते. माझे काम अगदी सोपे होते. हडळ हाक मारील, मी दोन पावले पुढे जाईन, तिचे पाय बघीन आणि म्हणेन, "तू माझी आई नाहीस!" एवढे एकच वाक्य. ते मी झोपेतही म्हणत असे, असे आई सांगे.

हडळ आली. हिरवे लुगडे, मोकळे केस, उलटे पाय. पुढची मुले मागच्या मुलांच्या अंगावर पडली. मग तिने हाक मारली, आणि ती माझ्या आईची हाक होती. नक्कल नव्हे. जेवण निवते आहे, कुठे राहिलास, असे सगळे त्या हाकेत होते. बायकांत बसलेल्या आईने दचकून वर पाहिले, असे मला नंतर कळले.

मी दोन पावले पुढे गेलो. पाय बघितले. वाक्य आठवत होते, तोंडातून येत नव्हते. तेवढ्यात माझ्या पाठीमागे राळेचा प्रचंड भडका उडाला आणि अंगभर राख फासलेले, जीभ लाल केलेले मास्तर हातात खिळा नि हातोडा घेऊन किंचाळत आत आले. तालमीत त्यांनी राख फासली नव्हती. मला मागे मांत्रिक आणि पुढे हडळ एवढेच दिसत होते, आणि त्यांतल्या एकीने मला आईच्या आवाजात बोलावले होते. मी "आई गं!" म्हणून ओरडलो, धावत जाऊन हडळीच्या कमरेला मिठी मारली, आणि काकूंचा कद ओला केला.

पटांगणात हसण्याचा कल्लोळ झाला. मास्तर दातओठ खात हळूच म्हणत होते, "सोड तिला! गाढवा, सोड!" मी आणखी घट्ट धरले. तेव्हा हडळीने मला उचलून कडेवर घेतले आणि उलट्या खडावांवर डुलत ती सरळ प्रेक्षकांत चालू लागली. हसणे एकदम थांबले. लोक दोन्ही बाजूंना सरकले. आयांनी मुले पोटाशी धरली, आणि मुलांच्या हातांत हीर तसेच राहिले. मारायला एकजणही पुढे आला नाही. बायकांत जाऊन त्याने मला माझ्या आईपुढे उतरवले, क्षणभर तिथेच उभा राहिला आणि देवळामागच्या अंधारात निघून गेला.

पुढे आठवडाभर मला घराबाहेर तोंड काढायची सोय नव्हती. मुले मला बघून "आई गं!" म्हणत. मास्तरांनी भागाकार पुन्हा सुरू केला आणि पहिले गणित मलाच घातले. काकूंनी कद परत घेतला नाही.

रंगपंचमीच्या दिवशी तो कुंपणाशी आला. त्याने चेहरा धुतला होता, तरी कानामागे काजळ राहिले होते. तो हसला. मग म्हणाला, "तू जानून केलंस ना? मास्तर आयकत नाय म्हनून?"

मी त्याच्याकडे पाहिले. गावात मला एवढ्या आदराने बघणारे दुसरे कोणीही नव्हते. मी म्हणालो, "हो."

"मना ठाव व्हता," तो म्हणाला. मग कुंपणावरून वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी काल बांधावर जाऊन तिना सांगलंय. या पोरानं तुना मार खाऊ नाय दिला, याना कंदी हात लावू नको. तू आता बिनघोर ये-जा कर."

पुढच्या वर्षी तो बापाबरोबर दुसऱ्या मिठागरावर गेला आणि आमची पुन्हा गाठ पडली नाही. मी मोठा झालो, नोकरीला लागलो, हडळ वगैरे काही नसते हे स्वतः शिकलो आणि मुलांनाही शिकवले. पण तिन्हीसांजेला खाडीकडे काम निघाले की मी अजून बांधाची वाट सोडून लांबच्या रस्त्याने जातो. त्याने तिला सांगितले आहे, याबद्दल मला शंका नाही. पण मी त्या दिवशी तिच्याकडे का धावलो, हे तिला नक्की ठाऊक असणार.