फिनेलचा वास

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली कांता आठवड्यातून एकदा तरी माझ्याकडे वाटी घेऊन विरजण मागायला येते. "वहिनी, तुमच्या हाताला दही लागतं, माझ्या नाही," असं तिचं ठरलेलं वाक्य. हाताचा काही संबंध नाही. दूध कोमट होईपर्यंत थांबायला तिला वेळ नसतो. उकळत्या दुधात विरजण सोडून मोकळी होते, आणि सकाळी पातेल्यात दूधच असतं.

वेळ नसतो हे मात्र खरं. ठाण्यातल्या एका प्रयोगशाळेत औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर संशोधन चाललंय, त्यासाठी ती डोंबिवली-कल्याणच्या घराघरांतून पेशंटच्या बेडक्याचे नमुने गोळा करते. आदल्या दिवशी प्लास्टिकची डबी देऊन यायचं, दुसऱ्या सकाळी भरलेली डबी घ्यायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि दुपारच्या आत ठाण्याला पोचवायची. तिथे त्या नमुन्यातले जंतू वाढवतात आणि कोणतं औषध त्यांना मारतं, कोणतं नाही, ते एकेक करून बघतात.

तिच्या यादीत खाडीकाठच्या गावातली समृद्धी होती. वय बावीस. पूर्वी मिठागरात राबलेलं आगरी घर, आता बाजूच्या जमिनीवर चार मजल्यांची इमारत. गावातल्या प्रत्येक हळदीत सगळ्यांत आधी नाचायला उतरणारी ही मुलगी अडतीस किलोवर आलेली. घरच्यांनी गावात टायफॉईड सांगितलेला. बर्फाची पेटी घेऊन दारात येणारी कांता गावासाठी कोण, तर कोलंबी न्यायला येणारी बाई.

समृद्धीच्या जंतूंवर नेहमीचं एक मुख्य औषध चालत नाही, हे झटपट तपासणीत कळलं होतं. मग दुसरी औषधं सुरू केली, पण त्यांतली कोणती खरंच लागू पडतायत हे जंतू वाढल्याशिवाय कळणार नव्हतं. उपचार सुरू होण्याआधी दोन नमुने गेले होते. सहा आठवडे वाट बघितली. दोन्हींत काहीच वाढलं नाही. इकडे तिचा ताप हटेना, वजन आणखी एक किलो उतरलं. तिसरा नमुना पाठवला, तोही तसाच.

प्रयोगशाळेतल्या विनीतने कांताला बोलावून घेतलं. मुलगा हुशार, पण बोलायला तिखट.

"ताई, सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतायत. वाढत मात्र नाहीत. म्हणजे इथे येईपर्यंत मेलेले असतात. पेटी उन्हात ठेवून चहाला थांबता का कुठे?"

"त्याच पेटीत विठ्ठलवाडीचे दोन नमुने असतात, सर. ते वाढतात ना?"

विनीतने वही उलटून बघितली. "वाढतात."

"मग पेटीला ऊन काय एकाच डबीपुरतं लागतं?"

त्याने वही मिटली आणि म्हणाला, "डॉक्टर अंदाजाने किती दिवस औषधं देणार? त्यातली निम्मी चालत नसली, तर उरलेल्यांनाही जंतू सरावतील. मग हातात काही राहणार नाही. मला जिवंत नमुना हवाय, ताई. लवकर."

त्या संध्याकाळी कांता वाटी घेऊन आली, पण ओट्याशी उभीच राहिली. मी दूध आटायला ठेवलं होतं. मग हळूच म्हणाली, "वहिनी, त्या घरात मी आत जातच नाही. दारातून डबी घेते आणि निघते."

"का गं?"

"पहिल्यांदा गेले तेव्हा बसले होते ओटीवर. पाणी प्यायले, आतून डबी आली ती घेऊन निघाले. चष्मा विसरला म्हणून परत वळले, तर फिनेलचा वास. भपकाराच. म्हटलं, मी बसलेली जागा पुसून घेतली वाटतं. जात कळल्यावरचे असले वास आमच्या आईने पुष्कळ घेतलेत, मला ओळखायला शिकवावं लागत नाही. मग ठरवलं, काम करायचं, उंबरा ओलांडायचा नाही."

मी दुधावरची साय बाजूला केली. म्हटलं, "डबी कशी भरतात ते बघायला आत जावं लागेल ना पण."

"तेच तर," ती म्हणाली. त्या दिवशी विरजण न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या आठऐवजी ती साडेसहालाच पोचली. समृद्धीची आजी, गोदाकाकी, अंगणात तुळशीपाशी होती.

"आज सूर्याच्या आधी आलीस? कोलंबी पलून चालली का?"

"काकी, आज मी आत बसणार आहे."

"मंग बस ना. मी कवा नको बोलली? तूच दारानशी पलतेस, जशी काय मी चावतंय."

कांता ओटीवर बसली. समृद्धी मागच्या पडवीत मोकळ्या हवेत जाऊन खोकून आली आणि डबी झाकण लावून खिडकीत ठेवली. काकीने ती उचलली, झाकण काढलं, तोंडाला पदर लावला आणि कोनाड्यातल्या बाटलीतून पाव टोपण फिनेल आत ओतलं. झाकण पुन्हा घट्ट लावून डबी बाहेरून पुसली आणि कांतापुढे केली.

कांता उठून उभी राहिली. "काकी, हे काय घातलंत?"

"फिनेल. दवाखान्यान सांगितलाय ना, थुंकीच्या भांड्यान फिनेल घालाचा. तुमचे कागदावर पन लिवलाय, डबी स्वच्छ ठेवा."

"ते थुंकीच्या भांड्यासाठी. ही डबी वेगळी."

"वेगली कशी? तू हिला मांडीवर घेऊन रिक्षान बसतेस. तुझे घरान लहान पोर हाय बोलली होतीस. आमची पोर आजारी परली ती परली, तुझे पोराला कनाला लागाला पायजे? म्हनून तू आलीस का मी पहिला फिनेलची बाटली उघरतंय."

कांता सांगते, तिला त्या क्षणी डबी दिसेनाशी झाली. तीन महिने जो वास तिने अपमान म्हणून गिळला होता, तो तिच्याच मुलासाठी होता. एकदा जरी विचारलं असतं तर तीन नमुने वाया गेले नसते.

पण रडायला वेळ नव्हता. तिने काकीला खाली बसवलं. "काकी, दही लावता ना तुम्ही? उकळत्या दुधात विरजण घातलं तर?"

"फुकट जातंय. मरतंय त्या."

"तसंच. आम्हाला या जंतूचं विरजण लावायचं असतं. तो तिथे जगला, वाढला, तरच कशाने मरतो ते कळणार."

काकीने कपाळावर हात मारला. "म्हंजे मेल्याचा दही लावता तुमी? आनि मी त्याला मारून धारतंय?" समृद्धी आतून हसायला लागली, हसता हसता खोकली, पुन्हा हसली.

त्या दिवशीची डबी फेकली. दुसऱ्या सकाळी कांता पुन्हा ओटीवर बसली. काकीने बाटली स्वतःच माळ्यावर टाकली होती. विनीतला सगळं सांगितलं तेव्हा तो जरा खजील झाला. "पांढरट दिसायचं खरं. मला वाटलं, कफच तसा आहे. आणि फिनेलचा वास काय, इथे रोजच असतो." मग त्याने ते सूचनांचं पत्रक काढलं, 'डबी स्वच्छ ठेवा' खोडलं आणि कांतालाच विचारून लिहिलं : 'डबीत काहीही घालू नका, धुऊही नका. झाकण लावलेल्या डबीपासून नेणाऱ्या ताईंना धोका नाही.'

सतराव्या दिवशी जंतू वाढले. आणखी काही दिवसांनी कळलं की समृद्धीच्या गोळ्यांपैकी दोन नुसत्याच पोटात जात होत्या. डॉक्टरांनी त्या बदलल्या. तीन आठवड्यांत ताप गेला. पुढच्या महिन्यात वजन एकोणचाळीस, मग बेचाळीस.

उपचार अजून संपलेले नाहीत, बरेच महिने बाकी आहेत. पण गेल्या आठवड्यात नव्या नमुन्याचा निकाल आला : सहा आठवडे ठेवूनही काहीच वाढलं नाही. कांता तो सांगायला स्वतः गेली. काकीचा चेहरा एकदम उतरला. दोन्ही हात वर करून म्हणाली, "तुझे गल्याची आन बाय, मी फिनेल नाय घातला. बाटली बघ, माल्यावरच हाय."

"माहीत आहे काकी," कांता म्हणाली. "म्हणून तर पेढे आणलेत."