बारसं डोंबिवलीतच होणार

मंडळी, आज सकाळी नणंदेशी भांडले. ऐका आणि सांगा, चुकलं का माझं.

रविवारी लेकीचं बारसं. नणंद पार्ल्याला राहते. सकाळीच फोन, "अगं, डोंबिवली फार लांब पडते. ठाण्यात एखादा हॉल बघा, सगळ्यांना मधे पडेल. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार?"

नवरा लगेच ठाण्याच्या कोपरीतला हॉल बघायला निघालेला. चपलासुद्धा घातलेल्या.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कदम काकू लेकीला आंघोळ घालायला आल्या. गुडघे दुखतात, तरी लेक झाल्यापासून रोज जिना चढून येतायत. त्यांना मी ठाण्याला या म्हणून सांगू? कोणाच्या सोयीसाठी?

नवऱ्याला म्हटलं, "चपला काढ." आणि फोन लावला.

"ताई, बारसं आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर होणार."

"अगं पण एवढ्या लांब..."

"दर गणपतीला आम्ही पार्ल्याला येतो ना? अंतर तेवढंच असतं. आम्ही कधी म्हटलं का, गणपती ठाण्यात बसवा, सगळ्यांना मधे पडेल?"

आणि वर म्हटलं, "मान तुमचाच आहे ताई, वेळेवर या. नाहीतर लेकीच्या कानात कुर्र कदम काकू करतील."

नवरा अजून माझ्याशी बोलत नाहीये. नको बोलू दे.

दुपारी ताईंचा मेसेज आला, "येते. तुमचं घर ईस्टला की वेस्टला?"

लग्न होऊन याच घरात मला सात वर्षं झाली, मंडळी.